ब्रेक कोणाच्या मालकीचा?

इंदापूर तालुक्यात आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. घरचे आणि दारचे सारेच त्यांना आबा म्हणतात. उभी हयात त्यांनी मालमोटार चालवण्यात काढली. थंडीच्या दिवसांत भवानीनगरच्या नाही तर वालचंदनगरच्या कारखान्याला ऊस घालायचा आणि हंगाम सरला की साखरेची, गुळाची पोती भरून मुंबई गाठायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. आता गुडघे दुखतात, नजर मंदावली आहे. परंतु त्यांच्या अंगणात चिंचेच्या झाडाखाली एक जुनी फार्गो मालमोटार अजून उभी आहे आणि तिच्यावरचा त्यांचा जीव तसूभरही कमी झालेला नाही.

फार्गो हे नाव आजच्या तरुण वाचकांना कदाचित अपरिचित असेल. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, फार्गो अशा नावांच्या गाड्या तयार होऊ लागल्या. ज्यांनी इंदापूर तालुक्यातील माळरानावर साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसवले, तेच हे वालचंद. त्यामुळे आमच्या भागात फार्गोकडे लोक काहीशा घरच्या मायेने पाहत असत.

दोन वर्षांपूर्वी नाताळची तयारी चालू असताना आमच्या मनात एक कल्पना आली. मुले नाताळगीते गात रस्त्याने पुढे चालतील आणि त्यांच्यामागून आबांच्या फार्गोवर गव्हाणीचा देखावा हळूहळू येईल. आम्ही आबांकडे गेलो. त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांचा मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. तो मात्र आनंदला नाही. तो म्हणाला, "फादर, गाडी चालू होईल, त्याची काळजी नको. पण थांबंल का, ते आधी बघू द्या." त्याचे म्हणणे असे की, गाडीचे ब्रेक नव्याने बांधून त्यांना पॉवर ब्रेकची जोड दिल्याशिवाय ती माणसांच्या रस्त्यावर आणू नये. आबांनी ते साफ नाकारले. "गाडी जशी हाय तशीच राहील. तिच्यात नवीन काय घातलं, तर ती माझी गाडी राहायची नाही. पन्नास वर्षं याच पायानं थांबवली मी तिला."

बापलेकांचा हा वाद आमच्यापुढे आला. प्रथमदर्शनी आम्हाला तो घरगुती हट्टाचा वाटला. विचार करू लागलो तेव्हा मात्र लक्षात आले की, यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जुनी वस्तू जशीच्या तशी राखणे हा निष्ठेचा भाग आहे, यात शंका नाही. पण ही निष्ठा कोणाच्या जिवावर राखायची? आणि आम्ही स्वतः गाडी मागायला गेलो तेव्हा फुले कोणती लावायची, दिवे कुठे टांगायचे, हे सारे विचारले. ब्रेकविषयी एक शब्दही काढला नाही. गाडीपुढे चालणार होती ती मुले आमच्याच धर्मग्रामातील होती.

पॉवर ब्रेक म्हणजे काय, हे आम्ही त्या मुलाकडून समजून घेतले. साध्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये चालकाच्या पायाचा दाब तेलामार्फत चाकांपर्यंत पोचतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर घासून चाक थांबते. पॉवर ब्रेकमध्ये यात बूस्टर नावाचा एक डबा येतो. त्यात पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतली की दुसऱ्या बाजूने वातावरणाचा दाब त्याला रेटतो. पंचवीस सेंटीमीटर व्यासाचा पडदा असला आणि निर्वात सत्तर टक्के साधला, तर हा रेटा सुमारे तीनशे चाळीस किलो भरतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो, तीच हवा म्हाताऱ्या पायाच्या मदतीला येते. बूस्टर गाडी थांबवत नाही. तो फक्त थांबवणाऱ्या पायाला बळ देतो. पाय ठेवायचा की नाही, आणि केव्हा, हे माणसाचे माणसाकडेच राहते.

पुढे मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली आणि वादाचे स्वरूपच पालटले. तो गाडीखाली शिरला तेव्हा त्याला चासीवर बूस्टरचा जुना, गंजलेला डबा आढळला. त्याकडे जाणारी नळी कोणीतरी फार पूर्वी ठोकून बंद केली होती आणि ब्रेकच्या तेलाची वाट त्याला वळसा घालून थेट चाकांकडे नेली होती. म्हणजे गाडीला पूर्वी पॉवर ब्रेक होता! मग तो गेला कुठे? आबांनी थोडा वेळ आठवून उत्तर दिले. गाडी आली तेव्हा तिला पेट्रोलचे इंजिन होते. पेट्रोल परवडेना म्हणून त्या काळच्या अनेकांप्रमाणे त्यांच्या वडिलांनी ते काढून डिझेलचे पर्किन्स इंजिन बसवून घेतले. पेट्रोलचे इंजिन हवा ओढताना आपोआप निर्वात निर्माण करते आणि बूस्टर त्यावर चालतो. डिझेल इंजिनात तशी सोय नसते, त्यासाठी निराळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. पंपाला पैसे पडले असते. म्हणून नळी बंद केली आणि पाय होताच!

हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. इंजिन बदलले त्या दिवशी, गाडीचे मूळ रूप गेले, असे कोणी म्हटले नाही. कारण त्या बदलाने मालकाचे चार पैसे वाचत होते. आता बदल ब्रेकचा आहे, त्यात मालकाचा लाभ काही दिसत नाही, उलट खर्चच आहे. तेव्हा मूळ रूपाची आठवण झाली. हा दोष एकट्या आबांचा नाही. आपण सारेच असे वागतो. घराला मजला चढवताना वाडवडिलांच्या वास्तूचे पावित्र्य आड येत नाही. जिन्याला कठडा लावायचा म्हटले की मात्र पूर्वीचे लोक कसे कठड्याशिवाय चढत, ते आठवते. धावण्याचे सामर्थ्य आपण स्वतःसाठी वाढवतो आणि थांबण्याचे सामर्थ्य वाढवायला सांगितले की परंपरेचा आधार शोधतो.

याचे कारण काय असावे? आमच्या मते ते असे आहे. मोटारीचे इंजिन मालकासाठी असते. रंग, भोंगा, मागच्या फाळक्यावरची नक्षी, हे सारे मालकासाठी असते. पण ब्रेक हा असा भाग आहे की, त्याचा पैसा मालक देतो आणि त्याचा उपयोग मुख्यतः इतरांना होतो. तो वाटेवरच्या माणसाचा असतो. बारामतीहून इंदापूरला येणारा रस्ता आठवून पाहा. घाट नाही, चढउतार फारसा नाही. ब्रेकची परीक्षा पाहील असे तिथे काय आहे, असे एखाद्याला वाटेल. परंतु सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे एकामागून एक रस्त्यावरच आहेत. शाळा सुटते ती रस्त्यावर. हंगामात बीडकडून, नगरकडून आलेली ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे पहाटेच्या अंधारात कोयते घेऊन रस्त्याच्या कडेने चालतात. उसाच्या टायरगाड्या बैलांच्या गतीने जातात. आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी याच वाटेने पंढरीकडे जाते आणि लाखो पावले डांबरावरून चालतात. या माणसांनी गाडीचा ब्रेक पाहिलेला नसतो. तो धड आहे, असा विश्वास ठेवूनच ती रस्त्यावर पाय टाकतात. त्यांनी मालकाजवळ ठेवलेली ही ठेव आहे, आणि ठेव म्हटली की तिच्यावर ठेवणाऱ्याची मालकी असते. सांभाळणाऱ्याला तिच्याशी मनाला येईल तसे वागता येत नाही.

ही ठेव केवढी मोठी आहे, ते थोड्या हिशेबाने कळेल. दहा टन वजनाची मालमोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असता थांबवली, तर तिच्या गतीची जी उष्णता होते, तिने चार लिटरांहून अधिक थंड पाणी उकळीला येईल. ही सारी उष्णता काही क्षणांत ब्रेकच्या ड्रमांनी सोसायची असते. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते आणि थांबायला लागणारे अंतरही चौपट होते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तरी तेवढ्यात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणाऱ्या लेकराला यातले काही ठाऊक नसते. ठाऊक असायला हवे ते गाडी चालवणाऱ्याला.

आबांचा मुद्दा तरीही पूर्णपणे टाकाऊ नव्हता. ते म्हणाले, "फादर, ब्रेक जितका चांगला, तितका डायवर बेफिकीर. आमच्या वेळी ब्रेक कच्चा हाय हे ठाऊक असायचं, म्हणून आम्ही जपून हाकायचो." या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे. १९८०च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात टॅक्सींवर एक प्रयोग झाला. काही टॅक्सींना चाक घसरू न देणारे सुधारित ब्रेक बसवले, काहींचे साधेच ठेवले. सुधारित ब्रेकच्या टॅक्सींचे अपघात कमी व्हावेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण चालक वळणे अधिक वेगाने घेऊ लागले आणि पुढच्या गाडीच्या अधिक जवळून जाऊ लागले. जेराल्ड वाइल्ड या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत असा की, सुरक्षितता वाढली की माणूस त्या प्रमाणात आपले धाडस वाढवतो. त्याच्या सिद्धांतावर पुष्कळ वाद झाले; पण ही प्रवृत्ती माणसात आहे, हे कोण नाकारील? नव्या ब्रेकच्या भरवशावर मालक दोन टन ऊस जास्त भरतो, तेव्हा तो दुसऱ्याची ठेव स्वतःच्या धंद्यात घालत असतो.

म्हणून ब्रेक कच्चाच ठेवावा, असे मात्र यातून सिद्ध होत नाही. कच्च्या ब्रेकने शहाणपण येत असेल, तर ते चालकाच्या वाट्याला येते आणि त्याची किंमत पादचारी भरतो. शिवाय आबांच्या युक्तिवादात जो जपून हाकणारा चालक आहे, तो तरुण आहे. त्याचे गुडघे शाबूत आहेत. गाडी तीच राहिली, पण पाय तो राहिला नाही. रस्ताही तो राहिला नाही. भोवतालच्या मोटारसायकली आणि मोटारी पूर्वीच्या दुप्पट वेगाने धावतात आणि समोरची गाडी झटकन थांबेल, असे धरून चालतात. सगळे बदलले असताना आपण एकटे बदललो नाही, याला निष्ठा म्हणता येईल काय?

हे बोलणे झाले त्या संध्याकाळी मुलगा आत गेल्यावर आबांनी आम्हाला एक जुनी हकीकत सांगितली. ती त्यांनी प्रायश्चित्त संस्कारात सांगितली नाही. अंगणातल्या बाजेवर बसून सांगितली आणि लिहायला संमतीही दिली. तरुणपणी एकदा उसाची भरलेली गाडी घेऊन येत असता एका गावाच्या वेशीवर ब्रेकचा पाट पार तळाला गेला. पुढे बैलगाडी होती. त्यांनी गाडी उसाच्या फडात घातली, तरी धक्का बसायचा तो बसलाच. गाडीवान वाचला, एक बैल जागीच गेला. सगळे म्हणाले, ब्रेक फेल झाला, डायवर काय करील? आबांनी बैलाची भरपाई दिली आणि प्रकरण मिटले. "पण फादर," ते हळू आवाजात म्हणाले, "पाट आठ दिवस मऊ लागत हुता. एकाला दोन डाव दाबावा लागायचा. तेल गळतंय हे मला ठाऊक हुतं. हंगाम जोरात हुता. म्हटलं, हप्ता झाला की बघू."

"ब्रेक फेल झाला" हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. या वाक्यात कर्ता ब्रेक आहे. जणू काल रात्रीपर्यंत इमाने चाकरी करणारा ब्रेक आज सकाळी आपल्या मनानेच फितूर झाला! खरे पाहता ब्रेक बहुधा आगाऊ सूचना देतो. पाट मऊ पडतो, तेलाची पातळी उतरते, गाडी एका बाजूला ओढते, तापलेल्या लायनरचा करपट वास येतो. माणूस ऐकतो आणि पुढे ढकलतो. आमच्या नीतिशास्त्रात केलेल्या पापाबरोबर न केलेल्या कर्तव्याचेही पाप सांगितले आहे, आणि हे दुसरे पाप ओळखायला अधिक कठीण असते, कारण त्याला ठरावीक दिवस किंवा वेळ नसते. आबांच्या हातून ते नेमके कोणत्या दिवशी घडले? आठही दिवस घडत होते. फडात गाडी शिरली तो केवळ नववा दिवस होता. आणि आज पॉवर ब्रेकला नकार देताना तोच मनुष्य नकळत पुन्हा "बघू" म्हणत होता. आम्ही त्यांना तसे बोलून दाखवले नाही. ते स्वतःच थोड्या वेळाने म्हणाले, "पोराला म्हणावं, कर तुझ्या मनासारखं."

मुलाने काम हाती घेतले तेव्हा त्याने पाळलेला क्रम आम्हाला बोधप्रद वाटला. बूस्टर त्याने सर्वांत शेवटी बसवला. आधी ड्रम, लायनर, चाकांतील सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या केल्या. बूस्टरने दाब वाढला आणि नळी जुनीच राहिली, तर ती नेमकी आणीबाणीच्या क्षणी फुटते. दुर्बल वाहिनीत एकदम मोठे बळ घातले तर ते तिलाच फोडते, हे मुलांना वाढवणाऱ्या आईबापांनीही ध्यानात घ्यावे. त्यानंतर त्याने दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला. जुन्या रचनेत तेलाची एकच वाट असते. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी रचनेत एक वाट गेली तरी दुसरी उरते. मग व्हॅक्यूम पंप, निर्वात साठवणारी टाकी आणि अखेरीस बूस्टर. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे फेरफार करू देत नाही, म्हणून बदलांपूर्वी त्याने परिवहन कार्यालयात रीतसर विचारणाही केली. काढलेले जुने भाग त्याने पुसून, तेल लावून एका पेटीत आबांच्या खोलीत ठेवले. उद्या कोणाला ही गाडी केवळ पाहण्यासाठी, न चालवता, मूळ रूपात ठेवावीशी वाटली, तर ते भाग परत बसवता येतील. जुन्याचा मान राखण्याची ही रीत आम्हाला योग्य वाटली.

एक ताकीद त्याने वडिलांना पुन्हा पुन्हा दिली. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची जुन्या चालकांना सवय असे. इंजिन बंद झाले की पंप बंद होतो. टाकीतला निर्वात दोन-चार वेळा पाट दाबेपर्यंत पुरतो आणि मग पाट दगडासारखा कठीण होतो. मिळालेले साहाय्य कुठून येते, याचा विसर पडला की ते साहाय्यच घात करते.

याच संदर्भात आगगाडीच्या ब्रेकचा इतिहास मनोरंजक आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. त्यात हवा भरली की ब्रेक लागे. म्हणजे नळी तुटली, तर ब्रेकच नाही. तीन वर्षांनी त्याने रचना उलटी केली. नळीत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला राही आणि दाब गेला, डबा तुटला, की ब्रेक आपोआप लागे. बिघाड झाला तर चालत राहायचे की थांबायचे, हा प्रश्न त्याने थांबण्याच्या बाजूने सोडवला. आजच्या एअर ब्रेकच्या मालमोटारींत हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक लागतो, त्यामागे हाच विचार आहे. आपली सद्सद्विवेकबुद्धीही अशीच घडवायला हवी. मन संभ्रमात पडले, बळ ओसरले, तर तिने आधी थांबावे. दुर्दैवाने आपल्यापैकी बहुतेकांची रचना पहिल्या प्रकारची असते. शंका आली की आपण म्हणतो, चालू द्या, पुढे बघू.

राहिला प्रश्न, ती गाडी आबांची राहिली का? केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व मोटारींसाठी खास नियम केले, त्यांत वाहनाचे मूळ स्वरूप राखण्यावर भर आहे. मालमोटारींचा त्यात समावेश नाही, तरी त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. पण आम्हाला वाटते, वस्तूचे मूळ स्वरूप तिच्या भागांबरोबरच तिच्या प्रयोजनातही असते. घडवणाऱ्यांनी तिला थांबण्यासाठी बूस्टर दिला होता. मधल्या काळातल्या काटकसरीने तो मुका केला. मुलाने निराळ्या साधनांनी तेच प्रयोजन पुन्हा जागे केले. त्या अर्थाने गाडी आज पूर्वीपेक्षा अधिक मूळची आहे.

काम त्या नाताळपर्यंत पुरे झाले नाही. गव्हाणीचा देखावा आम्ही हातगाडीवर नेला आणि कोणाचा आनंद त्यामुळे उणावला नाही. पुढच्या नाताळला फार्गो आली. मुलगा गाडी चालवत होता, आबा शेजारी बसले होते. पुढे मुले गात होती. चौकात एक लहान मुलगी पडलेली मेणबत्ती उचलायला एकाएकी वाकली आणि गाडी तिच्यापासून बऱ्याच अंतरावर अलगद थांबली. मुलीने मागे वळूनही पाहिले नाही. मेणबत्ती घेऊन ती पुढे गेली.

वाचकहो, फार्गो आपल्यापैकी क्वचितच कोणाकडे असेल. पण मोटारसायकल, ट्रॅक्टर, टेम्पो आज घरोघरी आहे. उसाच्या दिवसांत एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या आपण पाहतो. त्यांतल्या कितींना स्वतःचा ब्रेक असतो? येत्या हंगामापूर्वी आपापल्या वाहनाचा पाट एकदा दाबून पाहावा, आणि तो मऊ लागला तर हप्त्याची वाट न पाहता त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे न्यावी, एवढीच आमची विनंती.